पांढरीसाठी अर्ज

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं,
'यावरून सिद्ध होईल.'
फेगडे बाईंनी पेन्सिल न उचलताच विचारलं,
माहीतच आहे तर पैसे कशाला मागतेस?

शहाद्याला, त्यांच्या मागच्या खोलीत,
पपईच्या क्रेटवर माझा लॅपटॉप,
बाजूला होमिओपॅथीच्या बाटलीत
जळालेले चार दाणे,
गोमाईकाठच्या पांढरीतून आलेले.
जव असावेत.
असावेत, एवढं म्हणायलाही
मला तीन आठवडे लागले.

दुसऱ्या मसुद्यात मी सगळीकडे 'कदाचित' पेरलं.
बाईंनी ते निंदून काढलं,
दोनच ठेवले. म्हणाल्या, एवढे उगवतील.

मागणं मला येत नाही.
आई वाटीभर साखर उसनी आणायला जायची
तेव्हा 'गुरुवारी परत करते' हे आधी,
वाटी नंतर.
अर्जातही तसंच असतं, बाई म्हणाल्या,
फक्त वाटीचं माप लिहून द्यायचं.
मग मी माप लिहिलं.
कार्बन काळमापन, नमुने सहा.
बेरीज केली. नमुने चार.
प्रवासखर्च धरला. नमुने तीन.
तिसरा एकदा खोडला, परत लिहिला,
आणि ड्रोन काढून त्या जागी टाकलं
बांबू, दोरी, ओळंबा: रुपये अकराशे.

अडकलो ते रकाना सातवर.
हे संशोधन आत्ताच का?
मी लिहिलं, ज्ञानातील पोकळी.
बाई म्हणाल्या, पोकळी सगळ्यांकडेच असते.
मी लिहिलं, राष्ट्रीय महत्त्व.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला,
काही बोलल्या नाहीत.

रविवारी एस.टी.ने गेले, फाट्यावरून पायी.
उखा आप्पा बांधावर दोर वळत बसलेले.
रकान्यातला प्रश्न मी त्यांना तसाच विचारला.
'आतेच कसाले?' ते हसले,
'तुले दिखत नही का?'

पांढरीच्या उत्तर अंगाला ट्रॉली लागलेली.
दोन पोरं फावड्यानं माती ओढत होती,
राखट, भुसभुशीत, पपईला मानवणारी,
खेपेला तीनशे रुपये.
चुलींची राख. चार हजार वर्षांची. असावी.
त्यातला एक पोरगा आप्पांचाच नातू,
मला बघून त्यानं फावडं जरा हळू चालवलं.
गेल्या होळीला मी जिथे खुंटी ठोकली होती
तिथे आता हवा होती.
खुंटी आप्पांनी गोठ्यात जपून ठेवलेली,
माझी वस्तू म्हणून.

रकाना सात, मर्यादा तीनशे शब्द.
हे सांगितलं तर आप्पा म्हणाले,
'तीनशे शब्दस्मा तं भांडन बी व्हत नही.'

हे वाक्य अर्जात नाही.
अर्जात आहे,
'खुंटीपासून उत्तरेकडचे थर दोन मीटरपर्यंत नष्ट.
दर आठवड्याला अंदाजे पाच ट्रॉल्या.'
'अंदाजे'वर बाईंची पेन्सिल थांबली,
मग पुढे सरकली.

खाली हेही लिहिलंय
की दाणे जवाचे नसले तर काय करू.
हा परिच्छेद मला सगळ्यात आधी जमला.

पाठवलं तेव्हा रात्रीचे अकरा पन्नास.
बाई बसल्याजागी झोपल्या होत्या.
बाटली उचलून दिव्यापुढे धरली,
दाणे काचेवर वाजले, अगदी बारीक.
मंजूर झालं तर यातले तीन पुन्हा जाळावे लागतील,
वय कळण्याची दुसरी रीत नाही.
उरेल तो एक.

उद्या सोमवार.
पोरं ट्रॉली घेऊन सहाला येतात.